मेगर निर्दोष म्हणतो, तरी पावसाळ्यात आरसीसीबी पडतो : दोष शोधावा कसा?

मृगाच्या पहिल्या आठवड्यापासून खानापूर, जांबोटी आणि बेळगावच्या पश्चिमेकडील गावांतून मला एकाच तक्रारीसाठी बोलावणे येऊ लागते. आरसीसीबी (जमिनीकडे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा ब्रेकर) संध्याकाळी किंवा रात्री पडतो, सकाळी वर केला की दिवसभर टिकतो. दुपारी वायरमन येऊन मेगर (तारेच्या आवरणाचा, म्हणजे इन्सुलेशनचा, रोध मोजणारे उपकरण) लावतो, मेगर वीस-पन्नास मेगाओहम (एक मेगाओहम म्हणजे दहा लाख ओहम) दाखवतो, वायरमन 'वायरिंग चांगली आहे, ब्रेकरच खराब झालाय' असे सांगतो, नवा आरसीसीबी बसतो आणि दोन दिवसांनी तोही पडू लागतो. शेवटी कंटाळून कोणीतरी दोन तारा थेट जोडून आरसीसीबी बाजूला करतो आणि घरातले सुटकेचा श्वास टाकतात. भिंती ओल्या, फरशी ओली आणि पाय अनवाणी, अशा नेमक्या महिन्यांत त्या घरातले संरक्षण नाहीसे झालेले असते. म्हणून माझी पहिली आणि कळकळीची विनंती अशी, की दोष सापडेपर्यंत घराचा एखादा भाग बंद ठेवावा लागला तरी चालेल, पण आरसीसीबी बायपास करू नये.

आधी थोडे गणित करू, कारण पुढची सगळी शोधाशोध त्याच्यावर उभी आहे. घरगुती आरसीसीबी बहुधा ३० मिलीअँपिअरचा असतो आणि मानकानुसार तो १५ ते ३० मिलीअँपिअरच्या दरम्यान पडला तर निर्दोष समजला जातो. २३० व्होल्टला ३० मिलीअँपिअर गळण्यासाठी फेज (वीज आणणारी तार) आणि अर्थ (जमिनीला जोडलेली तार) यांच्यातील रोध सुमारे ७,७०० ओहमपर्यंत खाली यावा लागतो. १५ मिलीअँपिअर धरले तर सुमारे १५,००० ओहमपर्यंत. मेगर २० मेगाओहम दाखवत असेल, तर त्या मार्गाने गळणारा प्रवाह एका मिलीअँपिअरच्या शंभराव्या भागाएवढाच असतो. मेगरचा आकडा आणि आरसीसीबी पडण्याचा आकडा यांत हजारपटीहून अधिक अंतर आहे, आणि एवढे अंतर 'थोडी ओल धरली असेल' या वाक्याने भरून निघत नाही. मेगरने तपासलेली तार आणि रात्री गळणारी तार या दोन वेगळ्या आहेत, किंवा दोष इन्सुलेशनचा नाहीच, असाच अर्थ त्यातून निघतो. ब्रेकरवर संशय घेण्याची पाळी त्यानंतर येते.

उपकरणाचीच तपासणी

मेगर हे खरे तर एक व्यापारी नाव आहे. लंडनच्या एव्हरशेड अँड व्हिग्नोल्स या कंपनीने ते १९०३ मध्ये नोंदवले आणि आपल्याकडे ते इन्सुलेशन टेस्टरचे सामान्यनामच होऊन बसले. हातात कोणत्याही कंपनीचा टेस्टर असो, त्याचा सर्वांत घातक दोष एकच आहे : त्याची लीड, म्हणजे मापाची तार, आतून तुटलेली असली तर तो 'अनंत' दाखवतो, म्हणजे उत्तम इन्सुलेशनचा आकडा दाखवतो. इतर बहुतेक उपकरणे बिघडली की वाईट उत्तर देतात. हे उपकरण बिघडले की सर्वांत चांगले उत्तर देते. उमेदवारीच्या काळात एका लहान कारखान्यातील मोटर मी अशाच लीडने तपासून 'चांगली आहे' म्हणून सांगितली होती आणि दुसऱ्या दिवशी त्या मोटरच्या बॉडीला हात लागून एका कामगाराला झटका बसला. सुदैवाने तो वाचला. घरी येऊन लीड वाकवून पाहिली, तेव्हा क्रोकोडाइल क्लिपच्या रबरी टोपीखाली तांब्याचे सगळे धागे तुटलेले होते आणि वरचे आवरण मात्र अखंड होते.

तेव्हापासून कोणतेही माप घेण्याआधी दोन्ही क्लिपा एकमेकींना लावून शून्य येते का हे मी पाहतो, तसे करताना लीड टोपीपाशी हलवून आकडा थरथरतो का तेही पाहतो, मग क्लिपा सोडून अनंत येते का ते पाहतो, आणि मापे संपल्यावर हे सगळे पुन्हा एकदा करतो. बॅटरीवरच्या टेस्टरमध्ये सेल उतरले असतील, तर ५०० व्होल्टचे बटन दाबूनही प्रत्यक्षात तेवढा दाब निर्माण होत नाही. हँडलवाल्या जुन्या मेगरमध्ये क्लच घसरल्याचे हाताला जाणवेपर्यंत एकसारखे फिरवावे लागते. मल्टीमीटरच्या ओहम रेंजवर घेतलेले माप या कामी ग्राह्य धरू नये, कारण त्याच्या सेलच्या काही व्होल्टांना कमकुवत इन्सुलेशनही दाद देत नाही.

बटन बंद असताना घेतलेले माप

गेल्या काही वर्षांत मला सर्वाधिक वेळा आढळलेला दोष हाच आहे. वायरमन मेन बंद करतो, घरातली सगळी बटणे सावधगिरी म्हणून बंद करतो आणि डीबीतून (घराच्या वितरण पेटीतून) फेजला मेगर लावतो. बटन बंद असले की बटनाच्या पुढे दिव्याकडे जाणारी तार त्या मापात येतच नाही. घराबाहेरची, पडवीतली, गोठ्यातली, गेटवरच्या दिव्याची, म्हणजे पावसात भिजणारी प्रत्येक तार बटनाच्या पुढचीच असते. कोरड्या भिंतीतल्या तारा तेवढ्या तपासल्या जातात आणि आकडा अर्थातच सुंदर येतो.

खानापूर तालुक्यातील एका चिऱ्याच्या घरात तीन वायरमन येऊन गेले होते आणि दोन आरसीसीबी बदलून झाले होते. घरातल्या आजी म्हणाल्या, "पाऊस नुसता पडला तर कायबी होत नाही बघा, वारा सुटला की मगच पडतंय हे." मला त्यांच्या या वाक्यानेच दिशा दिली. सरळ पडणारा पाऊस जिथे पोहोचत नाही आणि पश्चिमेचा वारा सुटल्यावर पोहोचतो, अशी त्या घरात एकच जागा होती, ती म्हणजे परसातल्या गोठ्याची पश्चिम भिंत. गोठ्यातला दिवा धारांच्या वेळी लावत आणि नऊ-दहापर्यंत तसाच ठेवत. दिवसा त्याचे बटन बंद असे. मी मेन बंद केला, पुरवठा खरोखर बंद असल्याची खात्री केली, गोठ्याचे बटन चालू केले, बल्ब काढून ठेवला आणि माप घेतले. कोरड्या दुपारी आकडा ०.३ मेगाओहम आला. मग होल्डरच्या वरच्या जंक्शन बॉक्सवर तांब्याभर पाणी वाऱ्याच्या दिशेने मारले आणि काटा ०.०१ मेगाओहमपर्यंत, म्हणजे १०,००० ओहमपर्यंत खाली आला. २३० व्होल्टला हे २३ मिलीअँपिअर होतात. बॉक्स उघडला तर आत मुंग्यांची माती साचलेली होती, तिच्यात ओल धरलेली होती आणि जोडावरची चिकटपट्टी कधीच सुटून गेली होती.

तेव्हा मापाच्या वेळी सर्व बटणे चालू ठेवावीत, बल्ब काढावेत, प्लगची उपकरणे उपसून ठेवावीत आणि जिन्याच्या दुहेरी बटनांच्या बाबतीत दोन्ही स्थितींत माप घ्यावे. पंपाच्या बाबतीतही हेच घडते : स्टार्टरचा कॉन्टॅक्टर (मोटरला वीज जोडणारा आतला स्विच) उघडा असल्यामुळे बोअरमधली केबल आणि मोटर मापाबाहेर राहतात, म्हणून ते माप स्टार्टरच्या मोटरकडील टर्मिनलवरच घ्यावे लागते.

न्यूट्रल-अर्थ माप टाळू नये

'न्यूट्रल आणि अर्थ शॉर्टच दाखवणार, त्यात काय बघायचे?' हे वाक्य मी कित्येकदा ऐकले आहे. न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेला असतो, त्यामुळे पुरवठ्याचा न्यूट्रल सोडवला नाही तर माप शून्याजवळच येते, इतके खरे आहे. परंतु एकेरी एमसीबी (जादा प्रवाहाला पडणारा छोटा ब्रेकर) फक्त फेज तोडतो, न्यूट्रल पट्टीवर जोडलेलाच राहतो, हे लक्षात न घेतल्यामुळेच हे वाक्य रूढ झाले आहे. आरसीसीबी फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो. तो बंद करून त्याच्या बाहेर जाणाऱ्या दोन्ही तारा सोडवल्या, की घराचा न्यूट्रल पुरवठ्यापासून मोकळा होतो आणि न्यूट्रल-अर्थ माप अर्थपूर्ण ठरते. तारा सोडवण्याचा आणखी एक फायदा असा, की इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेल्या ब्रेकरवर ५०० व्होल्ट जात नाहीत.

न्यूट्रल-अर्थ दोषाचे वागणे फसवे असते. घरात भार कमी असतो तेव्हा न्यूट्रल आणि जमीन यांच्यात जवळजवळ दाबच नसतो, त्यामुळे तार अर्थला चिकटलेली असूनही काही घडत नाही. संध्याकाळी गिझर, मिक्सर, इस्त्री चालू झाली की न्यूट्रलवर एखाद-दोन व्होल्ट चढतात, परतीच्या प्रवाहाचा काही भाग अर्थच्या वाटेने निघतो आणि आरसीसीबी पडतो. घरातले लोक गिझरला दोष देतात, आणि गिझर बदलूनही त्रास जात नाही. असा संशय असल्यास न्यूट्रल पट्टीवरील तारा एकेक करून सोडवाव्यात आणि प्रत्येकीचे अर्थशी माप घ्यावे. हे कंटाळवाणे काम आहे, पण अर्ध्या तासात होते.

माप घेताना एक काळजी घ्यावी लागते. आजच्या घरांत एलईडी दिवे, पंख्यांचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि सर्ज प्रोटेक्टर (दाब अचानक वाढला तर उपकरणे वाचवणारे) असतात. फेज-न्यूट्रल दरम्यान ५०० व्होल्ट डीसी दिले तर त्यांपैकी काही जळू शकतात, आणि सर्ज प्रोटेक्टर तर अशा दाबाला वाहू लागणे हेच आपले काम समजतो, त्यामुळे खोटा कमी आकडा येतो. म्हणून सर्ज प्रोटेक्टर सोडवून ठेवावा, फेज आणि न्यूट्रल एकत्र पिळावेत आणि त्या दोघांचे मिळून अर्थशी माप घ्यावे. दोन्ही टोकांना सारखाच दाब असल्याने आतल्या सर्किटला इजा होत नाही. भारतीय मानक आयएस ७३२ च्या २०१९ च्या आवृत्तीनुसार अशा परिपथाला ५०० व्होल्टवर किमान १ मेगाओहम हवा. तो किमान आकडा आहे; कोरड्या हवेत नव्या वायरिंगला दोन-तीन मेगाओहमच आले, तर मी ते काम पूर्ण झाले असे मानत नाही.

चालू घरात मोजणारे उपकरण

मेगर बंद घर तपासतो. आपला दोष मात्र चालू घरात, रात्री आणि पावसात प्रकट होतो. त्यासाठी तारेभोवती जबडा मिटवून मिलीअँपिअर मोजणारा लीकेज क्लॅम्प मीटर हवा. साधा क्लॅम्प मीटर या कामाचा नाही, त्याला ०.१ मिलीअँपिअरचा फरक दिसायला हवा. त्याच्या जबड्यात फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र घ्यायचे असतात. जाणारा आणि येणारा प्रवाह सारखा असेल तर दोघे एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात आणि आकडा शून्याजवळ राहतो. जे उरते ते गळणारे. जबड्यांच्या तोंडावर धूळ असली किंवा ते नीट मिटले नसले तर आकडा चुकतो, म्हणून ती तोंडे कोरड्या फडक्याने पुसून घ्यावीत. उघड्या डीबीत हात घालायचा असल्यामुळे हे काम परवानाधारक माणसानेच करावे.

संगणक, टीव्ही, इन्व्हर्टर यांच्या आतील फिल्टरमधून प्रत्येकी थोडा प्रवाह अर्थकडे सतत जातच असतो. तो दोष नव्हे, पण सगळ्यांचा मिळून दहा-बारा मिलीअँपिअर झाला, तर पावसाळी ओलीचा थोडासा वाटा मिसळताच आरसीसीबी पडू शकतो. अशा घरात उपाय म्हणजे परिपथ दोन आरसीसीबींमध्ये विभागणे. स्थायी गळती ९ मिलीअँपिअरच्या आत, म्हणजे ३० च्या तीन दशांशांपेक्षा कमी असावी, असे मी धरून चालतो.

या मीटरने एक वेगळाच दोषही सापडतो. बेळगावातील शहापूर भागात एका घरावर मागाहून दुसरा मजला चढवला होता आणि दोन्ही मजल्यांना स्वतंत्र आरसीसीबी होते. खालचा दरवर्षी पावसाळ्यातच पडायचा आणि मेगरला एकही तार कमजोर सापडत नव्हती. क्लॅम्प लावून घरातल्या एकेक वस्तू चालू करत गेलो, तेव्हा जिन्यातला दिवा लावताच आकडा उडाला आणि आरसीसीबी पडला. त्या दिव्याला फेज खालच्या मजल्यावरून आणि न्यूट्रल वरच्या मजल्यावरून घेतलेला होता, म्हणजे जाणारा प्रवाह खालच्या आरसीसीबीतून जात होता आणि परतताना दुसऱ्या वाटेने निघून जात होता. इन्सुलेशन पूर्ण निर्दोष होते. मग पावसाळ्यातच का? इतर दिवसांत रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड जिन्यात पुरत असे. पावसाळ्यात जिन्याच्या तोंडाला ताडपत्री बांधत, अंधार होई आणि तो दिवा लावला जाई. इन्व्हर्टर बसवताना न्यूट्रल दुसऱ्याच परिपथातून उचलला असल्यास हुबेहूब असेच घडते.

नवा अर्थ पिट हा यावरचा उपाय नव्हे

आरसीसीबी पडतो म्हणून कोळसा-मीठ घालून नवा पिट (अर्थचा पाइप पुरण्याचा खड्डा) मारून घेणारी घरे मी पाहिली आहेत. चांगले अर्थिंग आवश्यकच आहे, पण त्याने पडणे थांबत नाही. उलट अर्थ सुधारला की आजवर दबून राहिलेली गळती वाट मिळून वाहू लागते आणि आरसीसीबी अधिक वेळा पडतो. हे उपकरणाचे योग्य वागणे आहे, आणि घरमालकाला ते आधीच समजावून सांगावे.

पिटचे माप घेताना आपल्या भागात दोन अडचणी येतात. पश्चिमेकडे जांभ्यात अर्थ टेस्टरचे (पिटचा रोध मोजणाऱ्या उपकरणाचे) जमिनीत ठोकायचे खुंटे जेमतेम चार बोटे जातात, त्यांचा स्वतःचाच रोध प्रचंड असतो आणि काटा स्थिर राहत नाही. अशा वेळी खुंट्याभोवती पाणी ओतावे, किंवा कातळावर भिजवलेले गोणपाट पसरून त्यावर धातूची पट्टी वजनाखाली ठेवावी. त्याने माप घेता येते. निपाणी-चिकोडीकडील काळ्या रानात अडचण उलटी आहे : पावसाळ्यात खुंटे लोण्यात शिरल्यासारखे जातात आणि आकडा उत्तम येतो, पण वैशाखात जमिनीला भेगा पडल्या की पाइपभोवतीची माती सुटते आणि तोच आकडा कित्येक पटींनी वाढतो. तिथे उन्हाळ्यात घेतलेले मापच खरे धरावे.

दूरचा खुंटा जितक्या अंतरावर असेल, त्याच्या सुमारे ६२ टक्क्यांवर मधला खुंटा ठेवावा, मग तो थोडा पुढे आणि थोडा मागे सरकवून पुन्हा मापे घ्यावीत. तिन्ही आकडे जवळपास जुळले तरच माप मान्य करावे. जुळत नसतील तर दूरचा खुंटा आणखी लांब न्यावा. मापाच्या वेळी पुरवठा बंद करून पिटची तार घरापासून सोडवलेली असावी. खुंट्यांविना, नुसता तारेभोवती पकडून मोजणारा अर्थ क्लॅम्प सोयीचा वाटतो, पण त्याला प्रवाह फिरून येण्यासाठी पूर्ण वेढा लागतो. एकुलत्या एका पिटवर तो लावून आलेल्या आकड्याला काहीही अर्थ नसतो.

ब्रेकरवर संशय

एवढे सगळे तपासून झाले, एकेक परिपथ निर्दोष ठरला आणि स्थायी गळती कमी आहे हेही दिसले, तरच आरसीसीबीकडे वळावे. त्याच्यावरचे टेस्ट बटन आतल्या एका रोधातून फेज-न्यूट्रल दरम्यान प्रवाह वळवते. अर्थ तुटलेला असला तरीही ते दाबल्यावर ब्रेकर पडतो, म्हणून 'बटन दाबले, पडला, म्हणजे अर्थिंग ठीक' हा निष्कर्ष चुकीचा आहे. आरसीसीबी टेस्टर लावताना बाहेर जाणाऱ्या तारा सोडवून ठेवाव्यात, नाहीतर घरातली गळती चाचणीच्या प्रवाहात मिसळते. १५ मिलीअँपिअरला ब्रेकर पडता कामा नये, ३० ला ३०० मिलीसेकंदांच्या आत आणि १५० ला ४० मिलीसेकंदांच्या आत पडला पाहिजे, आणि ही चाचणी एसी विजेच्या तरंगाच्या दोन्ही अर्ध्या भागांपासून सुरू करून घ्यावी. हळूहळू प्रवाह वाढवत नेल्यावर तो १० किंवा १२ मिलीअँपिअरलाच पडत असेल, तर तो खरोखर नाजूक झाला आहे आणि बदलावा. २२ ला पडत असेल, तर तो ठणठणीत आहे आणि दोष अजून तुमच्या हाती लागलेला नाही; पुन्हा गोठ्याच्या भिंतीपासून सुरुवात करावी.